पहिला ओवसा, कुडाळची गौर आणि आमची दोघांची खरेदी : कुणाला काय न्यावं?

शेंगाचटणी | १० ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी मूळची सोलापूरची, लग्न होऊन डोंबिवलीत आले, नवऱ्याचं गाव कुडाळजवळ. लग्न डिसेंबरात झालं त्यामुळे गणपतीला गावी मी पहिल्यांदाच चाललेय आणि यंदाच माझा ओवसा (नव्या सुनेने गौरीपुढे सुपं ओवसायची पद्धत) आहे. आजेसासूबाई फोनवर म्हणाल्या की यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येतेय म्हणून नव्या सुनेचा ओवसा यंदाच, पुढच्या वर्षावर टाकायचा नाही. कॅलेंडरात बघितलं तर ३० ऑगस्टला सूर्य पूर्वात जातोय आणि ३१ ला गौरी आवाहन, म्हणजे अगदी जमून आलंय.

आमच्याकडे सोलापुरात महालक्ष्म्या बसतात, उभ्या, मुखवट्याच्या, साड्या नेसवलेल्या, पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, फुलोरा असं सगळं. कोकणात तेरड्याची गौर असते आणि सुपं ओवसतात हे मला लग्नानंतर कळलं, त्यामुळे उत्सुकता खूप आहे आणि थोडी धाकधूकही.

आता प्रश्न खरेदीचा. घरात माणसं बघा : आजेसासू (वय ऐंशीच्या पुढे, नऊवारी नेसतात), सासू-सासरे, मोठे दीर आणि जाऊबाई (हे वर्षभर गावातच राहतात), त्यांची दोन मुलं, शिवाय चुलत सासरे, त्यांच्या सुना, नणंदेचं कुटुंब असे सगळे मिळून गणपतीत वीसेक माणसं. आमचं बजेट प्रवास सोडून १५ हजार, फार तर १८. नवरा म्हणतो सगळ्यांना एकसारखं काहीतरी घेऊ, मला ते पटत नाही, प्रत्येकासाठी विचार करून घ्यायचंय. तुम्ही लोक दर वर्षी जाता तर सांगा ना, काय नेलं की गावात खरंच वापरलं जातं आणि ओवशाचं सामान मुंबईतून न्यायचं की तिथे मिळतं?

रानजाई | १० ऑगस्ट, रात्री ११:१५

आधी अभिनंदन, पहिला ओवसा म्हणजे मोठा मान असतो. आमचं गाव मालवण तालुक्यात, आमच्याकडची पद्धत सांगते. गौरीपूजनाच्या दिवशी नवी सून सुपं मांडते, प्रत्येक सुपात नारळ, पानाचा विडा, तवशाचे (मोठ्या काकडीचे) काप, चिबूड मिळाला तर चिबूड, पाच फळं, खारीक-बदाम-खोबरं, खण किंवा ब्लाऊजपीस, हळदकुंकू, बांगड्या, फणी, करंडा. गौरीपुढे ओवसून झालं की एकेक सूप घरातल्या मोठ्यांच्या हातात देऊन पाया पडायचं, ते त्या सुपात ओवाळणी घालतात, कुणी पैसे, कुणी साडी, सासू बऱ्याचदा दागिना. आमच्यात पाच सुपं असतात पण हे घराघरात बदलतं, म्हणून आधी आजेसासूबाईंना विचार किती सुपं आणि कोणाकोणाला द्यायची. त्यावरच सगळी खरेदी ठरते.

सुपं मुंबईतून नेऊ नकोस. ट्रेनमध्ये दबतात, आणि तिथे चवथीच्या आधीच्या बाजारात बांबूची ताजी सुपं घेऊन बायका बसलेल्या असतात, त्यांची वर्षातली मोठी कमाई असते ती. फळं, तवसं, पानं सगळं तिथेच. मुंबईतून फक्त खण, बांगड्या आणि सुकामेवा.

निळी_छत्री | ११ ऑगस्ट, सकाळी ८:०५

आमचं गाव चिपळूणकडे, तिथे पहिल्या ओवशाची सुपं माहेरून येतात. तुझ्या माहेरी ही पद्धत नसणार पण आईला सांगून ठेव, तिला काहीतरी पाठवायला आवडेल.

शेंगाचटणी | ११ ऑगस्ट, दुपारी १:२०

@निळी_छत्री अगं लगेच आईला फोन केला. तिला इतका आनंद झाला, महालक्ष्म्यांना मी घरी नसणार म्हणून ती जरा हिरमुसली होती पण आता म्हणते खण मी पाठवते. सोलापुरात गुळेदगुडचे खण छान मिळतात, तेच सगळ्या सुपांना एका रंगसंगतीत घेणार. शिवाय ती सासूबाई, आजेसासूबाई आणि जाऊबाई तिघींना सोलापुरी चादरी पाठवायचं म्हणतेय, आणि आजेसासूंना इरकल नऊवारी. आणि अर्थात शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

@रानजाई खूप उपयोगी माहिती दिलीस. आज सकाळीच आजेसासूबाईंना फोन केला, सात सुपं म्हणाल्या : देवाचं, तुळशीचं, आजेसासूंचं, सासूचं, सासऱ्यांचं, मोठ्या दिरांचं आणि जाऊबाईंचं.

गावठी_मसाला | ११ ऑगस्ट, दुपारी २:१०

सोलापुरी चादरीबद्दल जरा थांबा. चादर उत्तम असते वाद नाही, आमच्या घरी २० वर्षं जुनी आहे अजून टिकून आहे. पण कोकणात पावसात ती जाड चादर धुतली की आठवडा वाळत नाही, कुबट वास येतो आणि मग ती ट्रंकेत जाऊन बसते. म्हाताऱ्या माणसाला तर ती उचलायलाही जड. त्यापेक्षा आजीला मऊ जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून न्या किंवा हलकी सुती चादर न्या.

दादरकर_काकू | ११ ऑगस्ट, दुपारी ४:४५

गावठी_मसाला, मी सहमत नाही. माझ्या सासूबाई कणकवलीच्या, डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलं गार पडतं तिथे, सोलापुरी चादर त्यांना फार आवडायची, खाटेवर अंथरायलाही तीच. माहेरच्या गावची वस्तू आहे, ती न्यायलाच हवी, सासरच्या माणसांना सुनेचं गाव कळतं त्यातून. फक्त सासूबाईंना एकच मोठी द्या, आजींना दुसरं काही.

इरकल नऊवारी सणाला छान. पण आजी रोज नेसणार ते मऊ सुती पातळ. हल्ली सुती नऊवारी शोधावी लागते, दादरला रानडे रोडच्या आसपासच्या जुन्या दुकानांत विचारा, हिंदमाताला पण मिळेल. रंग फार गडद नको, काठ बारीक, आणि घरी आणून एकदा पाण्यातून काढा म्हणजे खळ निघून मऊ होईल. या वयात कापड अंगाला बोचत नाही हे फार महत्त्वाचं असतं.

पाऊसवेडा | ११ ऑगस्ट, संध्या. ७:३०

खरेदीचं बायका सांगतीलच, मी प्रवासाचं विचारतो. तिकीट आहे का? रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते) आणि गणपतीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत वेटिंगला जातात. नसेल तर रेल्वेच्या गणपती स्पेशल बघा किंवा एसटीच्या जादा गाड्या, यंदा ५,००० सोडणार आहेत.

पोफळी | ११ ऑगस्ट, रात्री ९:५०

मीच तो नवरा. हिने धागा दाखवला म्हणून मीही खातं उघडलं.

तिकीट मिळालंय, तुतारी एक्सप्रेसचं, २५ तारखेचं, दादरहून कुडाळ. जूनमध्ये सकाळी आठला दोघंही आपापल्या मोबाईलवर बसलो होतो, हिचं झालं माझं अडकलं. जे तुतारीने पहिल्यांदा जाणार आहेत त्यांनी एक लक्षात ठेवा, ती दादरहून रात्री १२:०५ ला सुटते म्हणजे २५ चं तिकीट असेल तर २४ च्या रात्री स्टेशनवर हजर पाहिजे. दर वर्षी कोणीतरी २५ च्या रात्री येऊन उभा राहतो आणि गाडी आदल्या रात्री गेलेली असते.

खरेदीबद्दल माझं म्हणणं एवढंच की मुलांचं सामान सगळ्यात वरच्या पिशवीत हवं. बाबा मुंबईत नोकरीला आणि आम्ही भावंडं गावाला, चवथीच्या आधी पहाटे फाट्यावर एसटी यायची तेव्हा आम्ही कंदील घेऊन उभे असायचो. बाबा उतरले की घरी पोचेपर्यंत धीर नसायचा, बॅग उघडायची ती वाटेतच. एका वर्षी स्केचपेनची पेटी आणली होती बारा रंगांची, मी ती दोन वर्षं पुरवली. त्यामुळे पुतण्यांना काय न्यायचं यात मी कपडे-बिपडे ऐकणार नाही, त्यांना लगेच हातात घेऊन वापरता येईल असंच काहीतरी न्यायचंय.

रानजाई | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

@पोफळी स्वागत. पुतणे किती मोठे आहेत? चौथी-पाचवीतले असतील तर चांगले रंग, कॅरम, बॅडमिंटनची रॅकेट. अंगण चिखलाचं असतं त्यामुळे घरात खेळता येईल असं एक हवंच. आणि विजेरी! कोकणातल्या मुलांना विजेरीचं वेड असतं, भजनाला या घरातून त्या घरात जाताना सगळी पोरं विजेऱ्या मारत पुढे.

शेंगाचटणी | १२ ऑगस्ट, सकाळी ९:००

सहावी आणि तिसरीतले आहेत. विजेरीची कल्पना फारच छान, दोघांना दोन वेगळ्या घेणार नाहीतर भांडतील.

बरं, भजनी मंडळाला काय द्यावं? नवरा म्हणतो वाडीतलं भजन रोज रात्री घरोघर फिरतं आणि आमच्या घरी येतील तेव्हा चहा आणि उसळ-पाव असतोच. पण यंदा त्याला मंडळाला टाळांच्या नव्या जोड्या द्यायच्यात. हे बजेटमध्ये धरायचं की वेगळं यावर आमचं अजून ठरत नाहीये.

गावठी_मसाला | १२ ऑगस्ट, सकाळी १०:१५

वेगळं धरा. तो गावाचा हिशोब आहे, घरच्या माणसांच्या भेटीतून कापू नका. टाळ घेताना दुकानात जोडी वाजवून कान लावून घ्या, सगळ्या जोड्यांचा सूर जवळपास जुळला पाहिजे नाहीतर भजनात खटकतं. बुवांना फोन करून विचारा त्यांना कुठले हवेत.

आणि हो, न्यायच्या नाहीत अशा गोष्टी : काजू, कोकम, नारळ, तांदूळ. दर वर्षी गाडीत बघतो, लोक मुंबईतून काजूकतली घेऊन कोकणात चाललेले असतात. मुंबईची खास चव न्या. माहीम हलवा न्या, पातळ चौकोनी, टिकतो, प्रवासात फुटत नाही, लहान मोठ्या सगळ्यांना आवडतो. लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा न्या, भजनाच्या रात्रीला दोन-तीन किलो सहज उडतो.

बावडीकाठ | १२ ऑगस्ट, दुपारी १२:३०

लाईट. पावसात गावाला लाईट जाते हे विसरू नका. चार्जिंगचे बल्ब येतात, साध्या होल्डरला लावायचे, लाईट असताना चार्ज होतात आणि गेली की काही तास आपोआप चालतात. गेल्या वर्षी मी असे चार नेले, देवापुढे, स्वयंपाकघरात, पडवीत आणि न्हाणीकडे. आई अजून फोनवर सांगते की सगळ्यात कामाची वस्तू तीच होती. सजावटीला थर्माकोलचं मखर घेऊ नका, २०१८ पासून बंदी आहे तरी कुठे कुठे दिसतं, कागदी किंवा कापडी घ्या, घडी होऊन बॅगेत बसतं. दिव्यांच्या माळा लोहार चाळीत स्वस्त पडतात पण तिथे लावून बघूनच घ्या.

कुडाळची_वहिनी | १२ ऑगस्ट, रात्री ११:४०

ताई, तुमचा सगळा वाचलंय. मी गावातच रवतंय. चवथीक मुंबैसून माणसां येतत तेचोच आनंद मोठो, सामान काय आणतत ता नंतर. पण तुमी इचारलास म्हणान सांगतंय. पुढचा सगळ्यांका समजाक व्हया म्हणान मराठीत लिहितंय.

मी पण घरातली मोठी सून, गावात राहणारी. श्रावण संपायच्या आधीपासून आमची चवथ सुरू होते. घर झाडायचं, जाळ्या काढायच्या, रंग, पाट धुऊन गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) नेऊन द्यायचा, वाळवणं, मसाले, पाहुण्यांची अंथरुणं पावसात उन्हाची उघडीप बघून वाळवायची. मुंबईची माणसं आली की दिवसाला वीस-पंचवीस पानं. आंबोळ्यांचं पीठ, काळ्या वाटाण्याच्या उसळीचं वाटप, मोदकांचं सारण, पंचमीला ऋषीची भाजी, नारळ किती खवले जातात त्याला गणती नाही. साधा मिक्सर दोन दिवसांत तापून बंद पडतो.

तुम्ही जाऊबाईंना काय नेणार ते लिहिलंच नाही. साडी सगळेच आणतात, चांगलीच असते, मी नाही म्हणत नाही. पण माझं माहेर देवगडला आहे आणि लग्न झाल्यापासून मी चवथीच्या दिवसांत माहेरच्या गणपतीला गेलेली नाही, कारण घर भरलेलं असतं, मी निघाले तर चूल कोण बघणार. मला कोणी एक दिवस सांगितलं की वहिनी तू जाऊन ये आम्ही बघतो, तर ती भेट मी जन्मभर विसरणार नाही. तुमच्या जाऊबाईंचं माहेर कुठे आहे?

दादरकर_काकू | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

वहिनी, वाचून गलबलून आलं. मी इतकी वर्षं गावी जातेय, माझ्या जावेला हे मी कधी विचारलं नव्हतं. यंदा विचारते.

निळी_छत्री | १३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

मिक्सरचा मुद्दा पण महत्त्वाचा. तीन-चार भावंडांनी वर्गणी काढून एक चांगला मोठा ग्राइंडर घ्या, टेबलावर ठेवायचा येतो ना दगडी पाट्यांचा, डोशाचं पीठ आणि वाटप दोन्ही होतं.

तवसं | १३ ऑगस्ट, सकाळी ९:४५

ग्राइंडर जरूर घ्या पण तो घराला घेतला असं म्हणा. जाऊबाईंची भेट म्हणून ग्राइंडर देणं मला अजिबात पटत नाही, म्हणजे आणखी काम करा असंच ना. तिची भेट वेगळी, फक्त तिच्यासाठी.

आणि ग्राइंडर मुंबईतून नेऊ नका. वजन, प्रवासात आदळआपट, आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठे नेणार. कुडाळच्या बाजारात दुकानं आहेत, तिथून घ्या, बिल दिरांच्या नावाने करा म्हणजे वॉरंटी तिथेच.

शेंगाचटणी | १३ ऑगस्ट, रात्री १०:०५

वहिनी, तुमची पोस्ट मी आणि नवऱ्याने दोघांनी बसून वाचली. जाऊबाईंचं माहेरही देवगडकडचंच आहे. लग्नात त्यांनी मला हाताला धरून घरातलं सगळं दाखवलं होतं, कुठला डबा कुठे, देवघरातलं काय शिवायचं काय नाही. त्या कधी माहेरी जातात हा प्रश्न मला सुचलाच नव्हता, नवऱ्यालाही आठवेना की वहिनी गणपतीत कधी गेल्यात.

कॅलेंडर काढून बसलो. २७ ला चतुर्थी, २८ ला ऋषिपंचमी, ३१ ला गौरी येणार. मधले २९ आणि ३० मोकळे. त्यांच्या माहेरचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो म्हणे, म्हणजे या दोन दिवसांत त्या जाऊन राहून येऊ शकतात. स्वयंपाक मी, नणंद आणि नवरा मिळून करू. मला आंबोळ्या येत नाहीत पण भाकरी मी चांगली करते, ज्वारीच्या ऐवजी तांदळाच्या पिठाची रोज इथे सराव करतेय, उकड काढायला जमायला लागलंय.

तवसं यांचं म्हणणं पूर्ण पटलं, ग्राइंडर घराला. नवरा भावांशी बोलतोय. सासूबाईंना आधी विचारायचं की जाऊबाईंना?

रानजाई | १३ ऑगस्ट, रात्री १०:३०

आधी सासूबाईंना, ते पण नवऱ्याने विचारायचं. तू नवी आहेस, तुझ्याकडून आलं तर उगाच वेगळा अर्थ निघू शकतो. मुलाने आईला म्हटलं की वहिनीला दोन दिवस सोडूया तर सोपं जातं.

पोफळी | १४ ऑगस्ट, रात्री ९:१५

विचारलं. आई दोन सेकंद गप्प झाली आणि मग म्हणाली, जाऊंदे, मी पण आसंय मा. दादा म्हणाला गाडी काढतो, कणकवलीवरून सोडून येतो. वहिनीला अजून सांगितलेलं नाही, ते हिने फोनवर सांगायचं असं ठरलंय.

शेंगाचटणी | १७ ऑगस्ट, रात्री ११:००

अपडेट देते. लाँग वीकेंडला दादरला गेलो, काल दहीहंडीची पथकं रस्त्यावर आणि त्यात गणपतीच्या खरेदीची गर्दी, तरी दोघं मिळून फिरलो त्यात मजा आली. आजेसासूंसाठी सुती नऊवारी मिळाली, फिकट जांभळी, बारीक हिरवा काठ, काकूंनी सांगितलं तशी दुकानात हात फिरवून फिरवून बघितली. नवऱ्याने स्वतः निवडली, म्हणाला आजी अशाच रंगाचं नेसते. बांगड्यांची मापं जाऊबाईंनी पाठवली होती त्यामुळे ते काम सोपं झालं. माहीम हलवा शेवटच्या आठवड्यात घेणार.

सासऱ्यांना काय घ्यावं यावर खूप वेळ गेला. त्यांना काही नकोच असतं. शेवटी एक चांगली मोठी काळी छत्री, लाकडी मुठीची, आणि वाचायचा चष्मा बदलायला आलाय म्हणून त्यांना कुडाळला नेऊन नवीन करून द्यायचा असं ठरवलं.

जाऊबाईंना आज फोन केला. आधी त्या म्हणाल्या, छे गो, खंय जातलंय, घरात माणसां किती. मग मी तारखा सांगितल्या, सासूबाई हो म्हणाल्यात हे सांगितलं. मग त्या काही बोलल्याच नाहीत. नंतर थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला, माझ्या आयेक काय नेऊ गो, तिका सोलापुरी चादर व्हयी होती म्हणे कधीपासून. तर आता आईला सांगून चौथी चादर मागवलीय, देवगडच्या आईंसाठी.

गावठी_मसाला | १८ ऑगस्ट, सकाळी ८:००

चादरीबद्दल माझं मत मी मागे घेत नाही पण देवगडच्या आईंना जरूर न्या, त्यांनी मागितलीय म्हणजे प्रश्नच मिटला.

पाऊसवेडा | १९ ऑगस्ट, संध्या. ६:२०

आज मुंबईत बाहेर पडू नका, लोकल बंद आहेत, रुळांवर पाणी आहे. खरेदी राहिली असेल तर दोन दिवस थांबा. पाऊस असाच राहिला तर कोकण रेल्वेच्या गाड्यांचं स्टेटस बघत राहा, पावसाळी वेळापत्रकात वेग कमी असतोच आणि गणपतीत एकाच लाईनवर जादा गाड्या, क्रॉसिंगला थांबावं लागतं. रोहा ते वीर डबल झालंय पण पुढे बहुतेक एकेरीच आहे. चार-पाच तास उशीर धरूनच घरच्यांना वेळ सांगा, म्हणजे स्टेशनवर कोणी ताटकळत बसणार नाही.

निळी_छत्री | २० ऑगस्ट, दुपारी ३:००

सामानाचं वजन करणार अशी बातमी फिरतेय, खरं आहे का? आमच्याकडे दोन पोती सामान आहे.

पाऊसवेडा | २० ऑगस्ट, दुपारी ३:४०

नियम जुनाच आहे, स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो, सेकंड एसीला ५०. घाबरू नका पण पोती नेऊ नका, बर्थखाली सरकेल अशा बॅगा करा. आणि दादरलाच चढा, ठाण्यापर्यंत गाडी इतकी भरते की सामान घेऊन आत शिरणं कठीण होतं.

बावडीकाठ | २१ ऑगस्ट, सकाळी १०:१०

आम्ही यंदा कारने. टोलमाफीचा पास मिळालाय. कोलाड ते वेर्णा रो-रो रेल्वेचा (कार ट्रेनवर चढवून नेतात ती) विचार केला होता, कारचे ७,८७५ रुपये आणि माणसांचं तिकीट वेगळं, नांदगावला उतरता येणार आहे असं कळलं. पण सोबत आई-बाबा असल्यामुळे रस्त्याने जाणार, वाटेत थांबत थांबत. शेंगाचटणी, तुमच्या पुतण्यांचं काय ठरलं?

शेंगाचटणी | २३ ऑगस्ट, रात्री १०:३०

@बावडीकाठ दोन विजेऱ्या (एक निळी एक लाल, दोघांना विचारून), रंगांची पेटी प्रत्येकी वेगळी आणि दोघांत मिळून कॅरमच्या सोंगट्या, कारण बोर्ड घरी आहे सोंगट्या हरवल्यात. सगळं वरच्या पिशवीत ठेवलंय, नवऱ्याने स्वतः.

आज सगळं पॅक झालं. टाळांच्या जोड्या बुवांशी बोलून घेतल्या, नवऱ्याने दुकानात बसून एकेक वाजवून बघितली. चार्जिंगचे बल्ब घेतले. खण सोलापूरहून आले, हिरवे-जांभळे, इतके सुंदर आहेत की सुपात ठेवायच्या आधीच मी ते चारदा काढून बघितले. जाऊबाईंसाठी साडी त्यांनीच व्हिडिओ कॉलवर निवडली, माहेरी जाताना नेसायची म्हणून मोतिया रंगाची, आणि सोबत एक चांगली प्रवासाची बॅग घेतली कारण त्यांच्याकडे स्वतःची बॅगच नव्हती.

उद्या रात्री निघायचं. झोप येत नाहीये. सारखं डोळ्यांसमोर येतंय की तेरडा आणायला बायका कुठे जातात, गौर घरात येताना पावलं कशी काढतात, माझ्या हातातलं सूप जड झालं तर काय. नवरा म्हणतो सगळ्या सांभाळून घेतात.

कुडाळची_वहिनी | २३ ऑगस्ट, रात्री ११:०५

सूप जड होत नाही, मागे कोणीतरी हात लावून उभं असतंच. ताई, माझं पण ठरलं. हा धागा मी माझ्या धाकट्या जावेला पाठवला होता. तिने वाचला आणि काल फोन केला, वहिनी तू पंचमीनंतर जा म्हणाली. मी २९ ला देवगडाक जातंय.

शेंगाचटणी | २३ ऑगस्ट, रात्री ११:१०

वहिनी!!! किती आनंद झाला सांगू. आमच्या जाऊबाई पण २९ लाच निघणार, सकाळी लवकर. कणकवलीपर्यंत रस्ता एकच, तुमचं एसटीचं ठरलं नसेल तर दिरांच्या गाडीत जागा आहे, मी त्यांना विचारून तुम्हाला मेसेज करते.

रानजाई | २३ ऑगस्ट, रात्री ११:२५

सुपं सांगून ठेवलीत ना? ऐनवेळी सात एकसारखी मिळत नाहीत.

शेंगाचटणी | २३ ऑगस्ट, रात्री ११:३०

हो, जाऊबाईंनी बाजारातल्या मावशींकडे सांगितलीत, आठ. आठवं कुठलं विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या आईचं, सोलापूरला पाठवायचं.